सत्तरीनंतर दुर्बिणीची शस्त्रक्रिया: आईच्या गर्भाशयाच्या कर्करोगावरील उपचारांचा अभिप्राय

केज तालुक्यातील आमच्या गावी राहणाऱ्या माझ्या आईवर वयाच्या 73व्या वर्षी, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगासाठी, छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. त्या सेवेचा हा अभिप्राय आहे. रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव देत नाही, कारण यात कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत, आणि लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाईच्या वाचकाला आपापल्या रुग्णालयात नेमके काय विचारावे हे कळणे मला जास्त गरजेचे वाटते. माझे मत आधीच सांगते. सेवा चांगली होती, आणि त्यात डॉक्टरांच्या हाताच्या कसबाइतकाच वाटा होता तो शस्त्रक्रियेआधी त्यांनी आईची प्रकृती पारखण्यात घालवलेल्या वेळेचा.

आईची पाळी जाऊन दोन दशके उलटली होती. लुगड्याला पुन्हा डाग दिसू लागले तेव्हा तिने कोणाला सांगितले नाही. उष्णता झाली असेल म्हणून धन्याचे पाणी पीत राहिली. शेवटी धाकट्या काकूंच्या लक्षात आले आणि त्यांनी मला फोन केला. आमच्या भागात हे घरोघरी असेच घडते, म्हणून इथे जरा थांबून सांगते. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या साधारण दहा बायकांपैकी एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि हा कर्करोग झालेल्या सुमारे 90 टक्के बायकांमध्ये रक्तस्राव हेच पहिले लक्षण असते. म्हणजे शरीर वेळेवर सूचना देते. आईच्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी 4 मिलिमीटरच्या बरीच वर गेलेली होती, आणि पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव होत असताना इतकी जाडी दिसली की पुढची तपासणी टाळता येत नाही. बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेऊन बायोप्सी झाली, त्यात कर्करोग निघाला, आणि एमआरआयमध्ये तो गर्भाशयाच्या आतच असल्याचे दिसले.

इथून पुढे आम्हाला दोन टोकांची मते मिळाली. जवळच्या एका दवाखान्यात सांगण्यात आले की या वयात पोट फाडायला लावू नका, भूल सोसणार नाही, गोळ्यांवर ठेवा. दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात, आईचा रक्तदाबसुद्धा न मोजता, रोबोटिक शस्त्रक्रियेचे पॅकेज पुढे केले गेले. घरातील वडीलधाऱ्यांचा तर शस्त्रक्रिया या शब्दालाच विरोध होता, आणि त्यांना दोष देता येत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या कारण नसताना काढल्या गेल्याच्या तक्रारींवरून 2019 साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. ज्या गावांनी हे पाहिले आहे, त्या गावांत पिशवी काढा म्हणणाऱ्या डॉक्टरकडे लोक आधी संशयानेच पाहणार. शेवटी ज्यांनी आईवर शस्त्रक्रिया केली, त्या संभाजीनगरच्या डॉक्टर मॅडमनी हा संशय मनावर घेतला नाही. त्यांनी बायोप्सीचा अहवाल दादाच्या हातात दिला, त्यातील ओळ बोटाने दाखवली आणि म्हणाल्या, “दुसरीकडे कुठेही दाखवून या, स्लाइड आणि ब्लॉक घेऊन जा, मी थांबते.” स्लाइड आणि ब्लॉक म्हणजे बायोप्सीच्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने. आमच्या घराचा विश्वास बसला तो या वाक्यावर.

दुर्बीण कोणाला आणि कोणाला नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितले. गर्भाशयाशी संबंधित सगळे कर्करोग आपण एकाच नावाने ओळखतो, पण शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ते फार वेगळे आहेत. अस्तराचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत असेल तर दुर्बीण हा आता मान्य झालेला मार्ग आहे. अमेरिकेत 2,616 बायकांवर झालेल्या लॅप-2 या अभ्यासात पोट उघडून आणि दुर्बिणीने अशा दोन्ही पद्धतींची तुलना झाली. 2009 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मध्यम ते गंभीर गुंतागुंती पोट उघडलेल्या गटात 21 टक्के, तर दुर्बिणीच्या गटात 14 टक्के होत्या, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त काळ रुग्णालयात राहावे लागणाऱ्यांचे प्रमाण 94 टक्क्यांवरून 52 टक्क्यांवर आले. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, 89.8 टक्के होते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँग येथील 760 बायकांच्या लेस अभ्यासानेही 2017 मध्ये हेच दाखवले की साडेचार वर्षांनंतर आजारमुक्त राहिलेल्यांच्या प्रमाणात दोन्ही पद्धतींमध्ये फरक नाही. आजार बरा होण्याची शक्यता तीच राहून जखम लहान होत असेल, तर त्याचा सर्वाधिक लाभ म्हाताऱ्या शरीराला मिळतो. तरुण बाई मोठ्या जखमेतूनही सावरते, पण सत्तरीतली बाई दोन आठवडे अंथरुणाला खिळली की तिचे पाय पुन्हा पहिल्यासारखे चालतीलच असे नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे चित्र मात्र उलटे आहे. त्याच बाह्यरुग्ण विभागात आमच्या शेजारी परभणीकडच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होता आणि त्यांच्या मुलाने दुर्बिणीचा हट्ट धरला होता. मॅडमनी त्याला स्पष्ट नकार दिला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅक या अभ्यासात, लवकरच्या अवस्थेतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेल्या बायकांपैकी साडेचार वर्षांनी 86 टक्के आजारमुक्त होत्या, तर पोट उघडून केलेल्यांपैकी 96.5 टक्के. तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेसाठी पोट उघडणे हाच प्रमाण मार्ग मानला जातो, आणि आजार पुढे सरकलेला असेल तर शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी द्यावी लागते. मराठवाड्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वापार जास्त आढळतो. आताच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील 1 लाख 31 हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासानेच 2009 मध्ये जगाला दाखवून दिले की हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली तपासणीसुद्धा या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते. ज्या जिल्ह्यातील बायकांनी जगाला हे ज्ञान दिले, त्याच भागातील बायका अजूनही आजार वाढल्यावर दवाखान्यात पोचतात, याचे मला मनापासून दुःख होते.

अंडाशयाच्या कर्करोगाबाबत त्या थोडक्यात बोलल्या: पोटात पसरलेला आजार पूर्ण साफ करायचा तर उभा मोठा छेद लागतो, तिथे दुर्बिणीचा उपयोग मुख्यतः आत डोकावून आजार किती पसरला आहे हे ठरवण्यासाठी आणि तुकडा घेण्यासाठी होतो. अंडाशयावरची संशयास्पद गाठ दुर्बिणीने काढताना पोटात फुटली तर आजाराचा टप्पा वाढतो, हेही त्यांनी सांगितले. परभणीच्या त्या मुलाला नकार देणाऱ्या डॉक्टर आईला होकार देत होत्या, म्हणून तो होकार मला विश्वासाचा वाटला. फलकांवर सर्रास लिहिलेले “बिनटाक्याचे ऑपरेशन” सगळ्यांनाच विकणाऱ्या ठिकाणी हा भेद कोणी करत नाही.

होकारानंतरही लगेच तारीख मिळाली नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइड वायूने, साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने, फुगवतात आणि ओटीपोटातील आतडी वर सरकावीत म्हणून टेबल डोक्याकडून बरेच खाली झुकवतात. त्या अवस्थेत फुप्फुसे वर दाबली जातात, हृदयावर भार येतो आणि डोळ्यांतील दाबही वाढतो. तरुण बाईला याचे फारसे काही वाटत नाही. पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, धुराने छाती भरलेल्या आईसारख्या बाईसाठी प्रश्न खरोखर छेदाच्या लांबीपेक्षा या झुकलेल्या टेबलाचा असतो. भूलतज्ज्ञांनी तिची इको (हृदयाची सोनोग्राफी), छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी करून घेतली, काचबिंदू आहे का ते नेत्रतज्ज्ञांकडून पाहून घेतले आणि मग तिला खुर्चीतून हात न टेकता उठायला आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून यायला लावले. ती किती जेवते, वजन घटले आहे का, रोज कोणत्या गोळ्या घेते, रात्री एकटी उठून मोरीवर जाते का, कालचे जेवण तिला आठवते का, असे सगळे विचारले. वयाचा आकडा एकदाच विचारला. मला ही तपासणी या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटली, आणि आधीच्या दोन्ही ठिकाणी नेमकी तीच झाली नव्हती.

हिमोग्लोबिन कमी निघाले, म्हणून शिरेतून लोह दिले गेले. श्वास आत ओढला की प्लॅस्टिकच्या तीन छोट्या गोळ्या वर जातात, असे श्वासाचे यंत्र घरी देऊन दिवसातून अनेकदा ओढायला सांगितले; आई ओसरीवर बसून ते नातवंडांच्या देखत ओढायची आणि तिसरी गोळी वर गेली की सगळे टाळ्या वाजवायचे. जेवणात अंडी, डाळ, दूध वाढवले. चालणे तिला वेगळे शिकवावे लागले नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिने मॅडमना एकच प्रश्न केला, “बाई, किती दिस पडून राहावं लागंल? घरी म्हशीची धार कोन काढंल?” त्यांनी हसण्यावारी न नेता उत्तर दिले, “आजी, दुसऱ्या दिवशी चालायला लावीन, पण म्हशीजवळ दीड महिना जायचं नाही.”

संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी, गरज पडल्यास पोट उघडावे लागेल हे त्यांनी आईला स्वतः, आमच्यासमोर, तिच्या भाषेत सांगितले. लॅप-2 अभ्यासात दुर्बिणीच्या गटातील सुमारे चारपैकी एका बाईच्या बाबतीत तसे करावे लागले होते, आणि वय व लठ्ठपणा वाढला की ही शक्यता वाढते. पुढच्या काळात हात सरावले, साधने सुधारली, तरी ही शक्यता शून्य होत नाही. पोट उघडावे लागणे म्हणजे शस्त्रक्रिया बिघडणे नव्हे. आत काही विपरीत दिसत असताना दुर्बिणीचाच हट्ट धरणे जास्त धोक्याचे. आईच्या बाबतीत ती वेळ आली नाही.

पोटावर चार छोटे छेद घेतले गेले. गर्भाशय, दोन्ही अंडाशये आणि गर्भनलिका एकत्र, अखंड, योनीमार्गे बाहेर काढल्या. कर्करोगाच्या शंकेत गर्भाशयाचे पोटात तुकडे करून काढू नयेत, कारण त्याने आजार पसरू शकतो, हे आपण नातेवाइकांनी आवर्जून विचारून घ्यावे असे आहे. लसिका ग्रंथी, म्हणजे जिथे हा आजार आधी पसरू शकतो त्या गाठी, सरसकट काढण्याऐवजी गर्भाशयमुखात इंडोसायनिन ग्रीन हा रंग टोचून, विशेष प्रकाशात तो ज्या पहिल्या ग्रंथींमध्ये उजळून दिसला, तेवढ्याच काढून तपासणीला पाठवल्या. सगळ्या ग्रंथी काढल्याने पायांना जी कायमची सूज येऊ शकते, ती यामुळे बहुतांशी टळते. गुडघे आधीच दुखत असलेल्या बाईला पायांची सूज म्हणजे चालणे संपणे, म्हणून या एका गोष्टीसाठी मी त्या रुग्णालयाला जास्तीचा गुण देते.

शुद्धीवर आली तेव्हा आईचा चेहरा आणि पापण्या सुजलेल्या होत्या. कोणी आधी सांगितले नसते तर आम्ही घाबरलो असतो. डोके खाली ठेवल्याने ती सूज येते आणि काही तासांत उतरते, तशी ती उतरली. पोटापेक्षा तिचा उजवा खांदा जास्त दुखत होता, कारण उरलेला वायू छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली साचून खांद्यात कळ देतो. रात्री मात्र ती जरा भरकटली. आपण अंबाजोगाईला योगेश्वरीच्या देवळात आहोत असे समजून चपला शोधू लागली. वृद्ध रुग्णांत भूल आणि औषधांनंतर असा भ्रम होतो. रात्रपाळीच्या परिचारिकेने तिला बांधून ठेवले नाही की झोपेचे इंजेक्शन दिले नाही. तिचा चष्मा आणि कवळी परत दिली, दिवा लावला, मला उशाशी बसवले आणि लघवीसाठी घातलेली नळी सकाळी लवकर काढून टाकली. दिवस उजाडल्यावर आई ताळ्यावर आली, चहा प्याली आणि वॉर्डातील मावशींचा हात धरून खिडकीपर्यंत चालत गेली. खाण्यावर बंदी घातली गेली नाही. दुपारी तिने मऊ वरणभात खाल्ला. काही दिवसांतच आम्ही गावी परतलो.

रोबोटविषयी मला अनेकांनी विचारले आहे. रोबोटमध्ये डॉक्टरांना त्रिमिती चित्र दिसते, उपकरणे मनगटासारखी वळतात, हाताचा कंप उतरत नाही, आणि फार लठ्ठ रुग्णांत त्याने पोट उघडण्याची वेळ कमी येते. आईचा बांधा किरकोळ होता. तिच्या आजारासाठी साध्या दुर्बिणीने जे झाले त्यापेक्षा रोबोटने जास्त काही झाले असते, असे मला वाटत नाही, आणि रोबोटसाठी अधिकचे पैसे भरण्यासाठी जमीन गहाण टाकण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांना मी कळकळीने सांगेन की यंत्रापेक्षा ते हाताळणाऱ्या डॉक्टरांचा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतील अनुभव विचारा.

आता तक्रारी. पहिली पैशांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेचे वय वंदना कार्ड मिळते. आईकडे कार्ड होते. तरीही आम्हाला सुरुवातीला रोख भरण्याबद्दलच सांगितले गेले. योजनेचे आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात योजनेचे कागद करून देणारे मदतनीस, कुठे बसतात हे आम्हाला दुसऱ्या एका रुग्णाच्या नातेवाइकाकडून कळले. खेड्यातून आलेल्या माणसाला ही माहिती प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत दिसली पाहिजे. भरती होण्यापूर्वीच, आपली नेमकी शस्त्रक्रिया योजनेत मंजूर होते का आणि वरून काय भरावे लागेल, हे लेखी घ्यावे.

दुसरी तक्रार मला जास्त टोचते. घरी जाताना दिलेला कागद संपूर्ण इंग्रजीत होता. त्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घ्यायच्या इंजेक्शनांचा उल्लेख होता. पोट उघडून केलेल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ती सहसा चार आठवडे देतात, दुर्बिणीनंतर किती द्यायची हे रुग्णाचा धोका पाहून ठरवतात, आणि आईला वयामुळे ती काही काळ घ्यायची होती. मी शिक्षिका असल्याने मला वाचता आले आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील सिस्टरांनी ती दिली. ज्या बाईच्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नाही, तिची इंजेक्शने चुकणार हे उघड आहे. इतक्या काळजीने शस्त्रक्रिया करणाऱ्या ठिकाणी शेवटचा कागद मराठीत नसावा, हे मला पटत नाही. पाचपैकी एक गुण मी यासाठी कापला आहे.

त्याच कागदात एक गोष्ट हवी होती, ती मी इथे लिहिते. पोटावर मोठी जखम दिसत नाही म्हणून घरच्यांना बाई बरी झाली असे वाटते आणि तीही कामाला लागते. योनीच्या वरच्या टोकाला आतून टाके असतात आणि ते भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत पाण्याची घागर, चाऱ्याचा भारा, जोर लावून शौचाला बसणे, हे सगळे टाळावे लागते. आमच्याकडे भेटायला आलेल्या बायका आईचे पोट पाहून “काहीच तर केलं नाही की” म्हणायच्या, आणि त्यानंतर तिला बादली उचलण्यापासून अडवणे फार अवघड जायचे. दादाने शेवटी म्हैस काही काळ काकांच्या गोठ्यात नेऊन बांधली.

अंतिम अहवालात ग्रंथी स्वच्छ होत्या, पण आजार गर्भाशयाच्या स्नायूत जरा खोल गेलेला होता. त्यामुळे योनीमार्गे दिला जाणारा आतला किरणोपचार सुचवला गेला. तो थोड्या भेटींत होतो आणि बाहेरून द्यायच्या किरणांपेक्षा आतड्यांना कमी त्रास देतो. तो संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात घ्यावा की बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात, असे दोन्ही पर्याय मॅडमनी स्वतःहून पुढे ठेवले, आणि गावापासूनचे अंतर व एसटीची सोय पाहून आम्हाला ठरवू दिले. आता सुरुवातीची दोन-तीन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला यायचे आहे, आणि मधल्या काळात पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले तरी तारखेची वाट न पाहता निघून यायचे, हे त्यांनी मला न सांगता थेट आईला सांगितले व तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले.